बाहुलीच्या पोटातलं बिल

"नंबर नाही तर पाण्यात उतरवायची नाही," असं कालव्यावरच्या शिपायाने सांगितलं, तेव्हा आमचे हे ऐंशीव्या वर्षी शाळकरी पोरासारखे रुसून बसले.

ती पाण्यावरची स्कूटर यांनी तरुणपणी स्वतः बांधलेली. लाकडी तळ, त्यावर पत्रा, जुन्या स्कूटरची सीट नि हँडल, मागे शेतातल्या पंपाचं इंजिन. कित्येक वर्षं नुसती पडून होती. नातीने खटपट करून चालू केली आणि यांनी हट्ट धरला, गुडघे पार बसायच्या आत एकदा कालव्यातून ओरत्तनाडूला जायचं.

मग नोंदणीसाठी हेलपाटे. अधिकारी भला माणूस. त्याने मापं घेतली, चारी बाजूंनी फोटो काढले, घरी बांधल्याचं प्रतिज्ञापत्र घेतलं. शेवटी म्हणाला, "इंजिनाचं बिल? ते तुमचंच कशावरून?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी पंख्याकडे.

आता सांगणं भाग आहे. ओरत्तनाडू माझं माहेर. आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणाच्या सुमारास, नव्या नवरीला माहेरी धाडायची इकडची तमिळ रीत, ती इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या मराठी घरांनीही कधीच आपली करून टाकलेली. माझ्या पहिल्या आडीत कालव्याला नवं पाणी आलं आणि हे त्या स्कूटरवरून फटफटत मला भेटायला आले. सगळा गाव काठावर. मी एकोणीस वर्षांची, अंगावर रेशमी साडी, केसांत हातभर मोगरा, डोक्यात हवा. ऐटीत मागे बसले. "धरून बस गं," आई ओरडली. चारचौघांत नवऱ्याला धरायचं? शी! पहिल्याच वळणावर महाराणी पाण्यात. मोगरा पुढे वाहत गेला, मी मागे.

तो राग नवरात्रापर्यंत टिकला. कोलूत, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या पायऱ्यांवर, आपल्या हातची एक डोलणारी बाहुली असावी म्हणून मी शेजारणीकडे शिकत होते. साच्यावर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवायच्या, सुकल्यावर साचा काढून बुडाशी माती भरायची. मग कितीही ढकला, बाई उठून उभी. कागद हवा होता. यांच्या स्कूटरच्या कागदांचा गठ्ठा समोर दिसला. टराटरा फाडला. काय तो तोरा! जणू राज्य जिंकलं. बाहुली मात्र झाली माझ्यासारखीच, एक डोळा वर, एक खाली.

"बिल बाहुलीत आहे," मी अधिकाऱ्याला सांगितलं.

"कशात, अम्मा?"

घरी आल्यावर नातीने कात्री काढली. आणि नंबरासाठी दोन महिने रुसलेला हा माणूस तिला म्हणतो, "ठेव ती. तुझ्या आज्जीने जन्मात एवढी एकच बाहुली केली. नाही मिळाला नंबर तर नाही."

इतकी वर्षं मला वाटायचं, यांना त्या कागदांचं काही ठाऊक नाही. मग बिलाचं नाव निघताच हे माझ्याकडे का बघायला लागले? यांना तर सगळं ठाऊक होतं!

मग मीच बाहुली उलटी केली आणि चमच्याने बुडाची माती उकरली. नातीने आत टॉर्च मारला. सगळ्यांत आतल्या पट्टीवर दुकानाचा अर्धा शिक्का, यांचं नाव नि इंजिनाचा नंबर.

"आज्जी, कागद उलटा चिकटवलायस!"

"रागात होते गं. सरळ काय चिकटवणार?"

तिने मोबाइलवर फोटो काढला. अधिकाऱ्याने तो इंजिनावरच्या नंबराशी ताडून पाहिला, मग माझ्याकडून वेगळं प्रतिज्ञापत्र मागितलं.

"मूळ बिल जोडता येत नाही, याचं कारण काय लिहू?"

"लिहा, बायको मूर्ख होती."

त्याने लिहिलं, 'घरगुती कारण'.

नंबर मिळाला. बाहुलीत मी नवी माती भरली, पण आता ती जरा तिरकी डोलते.

पोंगल झाल्यावर आम्ही निघालो. हे पुढे, मी मागे, दोघांच्या अंगात नारिंगी जाकिटं. नात काठाने मोपेडवरून सोबत. ओरत्तनाडूजवळचं ते वळण आलं.

"अगं, जरा सैल धर. श्वास घेता येईना," हे म्हणाले.

मी सैल केलं नाही.