दोन व्याही आणि एक सीट

ट्रक हा मालासाठी नसतो, माणसासाठी असतो. युरोपनं आधी माणसाला बसवलं आणि मग त्याच्याभोवती पोलाद, रबर आणि डिझेल रचलं. हे मत माझं नाही. मँचेस्टरच्या उत्तरेला एका गावात ट्रकचं संग्रहालय आहे, तिथल्या क्लेअरबाईंचं आहे. पण त्या दिवशी मी ते इतक्या वेळा ऐकलं की आता झोपेतही म्हणून दाखवेन.

माझी मुलगी मुग्धा लंडनजवळ मेडनहेडला असते. उन्हाळ्यात आम्ही दोघं आणि तिचे सासू-सासरे एकाच वेळी तिच्याकडे होतो. घर तीन खोल्यांचं. दोन्ही विहिणींचं उत्तम जमलं. आम्हा दोन व्याह्यांचं जमण्यात एकच अडचण होती, ती म्हणजे आमचा एकमेकांबद्दलचा आदर. मी मुलीचा बाप, म्हणजे मान मी द्यायचा. वसंतराव सुधारक, त्यांना तो घ्यायचा नव्हता. त्यामुळे रोज सकाळी बाथरूम वीस मिनिटं रिकामं राही आणि आम्ही दोघं बाहेर "तुम्ही आधी" म्हणत उभे.

वसंतराव नागपूरचे. बावीस वर्षं एका अवजड वाहतुकीच्या कंपनीत मेकॅनिक. कंपनीकडे परदेशी बनावटीचे चार ट्रक होते, वीजकेंद्रांचे प्रचंड ट्रान्सफॉर्मर ओढून नेणारे. त्या जातीचा एक ट्रक या संग्रहालयात चालू स्थितीत आहे आणि मागितलं तर एक फेरी मारून मिळते, एवढं त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं होतं. शुक्रवारी त्यांचं परतीचं विमान होतं. गुडघे आणि हृदय यांचा एकत्रित विचार करून डॉक्टरांनी पुन्हा एवढा प्रवास करायचा नाही असं बजावलं होतं. म्हणून मंगळवारी निघायचं ठरलं आणि सोबत म्हणून मला जायला लागलं. ट्रकबद्दल मला तोवर एवढंच ठाऊक होतं की त्याच्या मागे राहू नये.

मेडनहेडहून लंडन, लंडनमध्ये स्टेशन बदलून मँचेस्टर. गाडीत वसंतरावांनी डबा उघडला. त्यात विहीणबाईंनी केलेल्या सांबारवड्या होत्या (सांबार म्हणजे नागपूरकडे कोथिंबीर, हे मला लग्नाच्या बैठकीत कळलं होतं). समोरच्या गृहस्थांनी वासामुळे दोनदा पेपर खाली केला.

"एवढी वर्षं तुम्ही ते ट्रक दुरुस्त केले," मी म्हणालो, "आणखी काय बघायचं राहिलं?"

"बसायचं राहिलं," वसंतराव म्हणाले.

"म्हणजे?"

"दुरुस्त झाला की ड्रायव्हर घेऊन जाय. आम्ही शेडमध्येच. तोवर दुसरा आलेला असे. चालत्या ट्रकमध्ये मी एकदाही बसलो नाही, व्याहीबुवा. खालून सगळा पाठ आहे."

मी आणखी एक वडी घेतली.

मँचेस्टरला ट्राम पकडायची होती. ट्राम आली, दार उघडलं. मी बाजूला सरलो. वसंतरावही सरले.

"चढा ना."

"नाही बाप्पा, आधी तुम्ही."

"छे छे, तुम्ही वडील."

"अहो, चार महिन्यांनी."

दार बंद झालं. ट्राम गेली. पुढची पंधरा मिनिटांनी होती, तीही भरून आली. तिच्यात आम्ही वेगवेगळ्या दारांनी चढलो, तेव्हा कुठे सुटका झाली.

ट्रामनंतर बस, बसनंतर रिमझिम पावसात सुपरमार्केटच्या प्रचंड पार्किंगमधून चालत जाणं. एका कोपऱ्यात विटांची एक लांब शेड, तेच संग्रहालय. पार्किंगच्या जागी पूर्वी कारखाना होता. समुद्रापलीकडच्या मोठ्या कंपनीनं तो विकत घेतला, काही वर्षं चालवला, मग बंद केला, आणि बंद केल्याची आठवण राहावी म्हणून ही एक शेड ठेवली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांनी दिवसभरात ते पुरेसं घेतलं.

उपाहारगृहात अंड्याचा बॅप (मऊ गोल पाव) आणि ब्रू (उत्तरेकडे चहाला म्हणतात) मिळाला. दोन्हींची चव एकच होती. मग क्लेअरबाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट, चेहऱ्यावर श्रद्धा. आमच्याखेरीज आणखी एक जोडपं होतं, ते पाऊस थांबेपर्यंत स्मरणवस्तूंच्या दुकानातच थांबणार म्हणालं. मला त्यांचा हेवा वाटला.

इतिहास घोडागाडीपासून सुरू झाला. संस्थापक घोडागाडीचे आस बनवीत. पुढे त्यांनी घोडा काढून इंजिन बसवलं. पहिल्या ट्रकला छप्पर नव्हतं, कारण घोडागाडी हाकणाऱ्यालाही नव्हतं. दुसऱ्याला छप्पर आलं, दार नव्हतं. प्रत्येक सुधारणेपाशी क्लेअरबाई थांबत आणि सांगत की कंपनीनं कायम माणसाला केंद्रस्थानी ठेवलं. माणसाला दार मिळायला इतका वेळ का लागला, असं मी विचारलं. त्या हसल्या आणि पुढच्या दालनात गेल्या.

तिथे इंजिनावरून पुढे कलणारी केबिन होती, झोपायचा बर्थ असलेली केबिन होती, आणि शेवटी विजेवर चालणारा नवा ट्रक, जो इतका शांत की त्याला मुद्दाम आवाज बसवावा लागतो. अर्धा कापून उघडा केलेला एक हवेचा ब्रेकही होता. तेवढा मात्र मला आवडला. माझी समजूत होती की हवेच्या दाबानं ब्रेक लागतो. उभ्या ट्रकचं उलट असतं. एक जाडजूड स्प्रिंग ब्रेक दाबून धरते आणि टाकीतली हवा त्या स्प्रिंगला मागे रेटते, तेव्हा चाकं सुटतात. हवा गेली की ट्रक जागच्या जागी घट्ट. क्लेअरबाईंच्या मते हे युरोपीय विवेकाचं प्रतीक होतं. वसंतराव ते ऐकत नव्हते. ते खिडकीतून अंगणात बघत होते. तिथे तो उभा होता, लांब नाकाचा, लाल, दहा चाकांचा.

"तोच?" मी विचारलं.

"तोच."

ट्रक चालवणारे केन नावाचे गृहस्थ होते. सत्तरीचे, जन्मभर लॉरी (आपण ज्याला ट्रक म्हणतो) चालवून आता इथे हौसेनं येणारे. इंजिन सुरू झालं तेव्हा माझ्या चष्म्याच्या काचा थरथरल्या. हवेच्या दाबाचा काटा चढला, अर्ध्यावर आला आणि तिथेच बसला. ब्रेक सुटेनात. इशाऱ्याची घंटी वाजत राहिली आणि त्या आवाजात क्लेअरबाईंनी विश्वासार्हतेवरचं भाषण पूर्ण केलं.

"एक मिनिट द्या," केन म्हणाले. आम्ही दहा दिली. घड्याळात साडेतीन झाले. चारला फाटक बंद, आणि त्यानंतर ट्रक हलवायला विमा नाही.

वसंतराव ट्रकभोवती बांधलेल्या दोरीपाशी कान पुढे करून उभे राहिले. "मागच्या टाकीतून हवा जाऊन राहिली," ते म्हणाले. "त्यांना विचारा, सकाळी पाणी सोडलं का?"

मी विचारलं. हवेच्या टाकीत रोज थोडं पाणी साठतं, ते खालच्या कडीनं सोडतात. केननं सकाळी सोडलं होतं.

"मग खडा अडकला. कडी तीनदा खेचून सोडा म्हणावं, झटक्यानं. निघतो."

केन खजील झाले. त्यांचा खुबा नवा बसवलेला होता आणि खाली वाकायला मनाई होती. वसंतरावांनी दोरी उचलली. क्लेअरबाईंनी ती परत खाली केली. पाहुण्यांना ट्रकखाली जाता येत नाही. कोणाला जाता येतं? कंत्राटदाराला. कंत्राटदार कसं होतात? अर्ज भरून. अर्ज चार पानी होता. त्यात उंचीवर काम करण्याचा अनुभव विचारला होता. मी भरत होतो, वसंतराव काटा बघत होते, आणि पावणेचार झाले.

शेवटी त्यांना हाय-व्हिज (लांबून दिसावं म्हणून घालतात ते चमकतं पिवळं जाकीट) मिळालं. केननं इंजिन बंद केलं, चाकांना ठोकळे लावले. वसंतराव, ज्यांना मुग्धाकडे सोफ्यावरून उठायला हात द्यावा लागे, ते ओल्या काँक्रीटवर आडवे झाले आणि ट्रकखाली दिसेनासे झाले. फुस्स, फुस्स, फुस्स, असे तीन आवाज आले. मग ते सरपटत बाहेर आले.

इंजिन पुन्हा सुरू झालं. या वेळी काटा अर्ध्यावर थांबला नाही. चढत गेला, घंटी बंद पडली, आणि ब्रेक सुटल्याचा जो एक उसासा ऐकू आला तो ट्रकचा होता की केनचा, मला सांगता येणार नाही.

चारला सहा मिनिटं होती. केननं ठोकळे काढले आणि पलीकडचं दार उघडलं. "एक फेरी. सीट एकच आहे. कोण येतंय?"

वसंतराव बाजूला झाले. गालाला ग्रीस, जाकिटाला चिखल, आणि हात दाराकडे. "व्याहीबुवा, बसा."

"काय?"

"माझ्यासाठी एवढ्या दूर आलात. आधी तुम्ही."

"मला नाही बसायचं."

"संकोच करू नका. मी मग बसतो."

"मग म्हणजे कधी? चारला फाटक बंद."

"ते राहू द्या हो. तुमचा मान आहे."

ट्रामचं दार माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि बाथरूमचंही. क्लेअरबाई घड्याळाकडे बघत होत्या. मी आयुष्यात कोणत्याही व्याह्याशी, म्हणजे या एकाच व्याह्याशी, असं बोललो नव्हतो.

"वसंता," मी म्हणालो, "मुकाट्यानं वर चढ."

त्यांनी पायरीवर पाय ठेवला. तीन पायऱ्या होत्या. मागून मी ढकललं, वरून केननं ओढलं, आणि दार लागलं.

ट्रक फाटकातून बाहेर पडला, पार्किंगच्या कडेनं सुपरमार्केटच्या ढकलगाड्यांच्या मांडवाला वळसा घालून परत आला. वेग माझ्या चालण्याइतका. भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसं थांबून बघत होती. काचेमागे वसंतराव ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीवर, फोटो काढून घेताना बसतात तसे. उतरल्यावर त्यांनी केनचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. क्लेअरबाईंनी माझ्याकडून अर्जावर कामाची समाप्ती म्हणून सही घेतली.

मँचेस्टरला आमची गाडी रद्द झाली होती. फलकावर कारण दिलं होतं: ड्रायव्हर उपलब्ध नाही. जाकीट परत द्यायचं राहून गेलं होतं, त्यामुळे दर दोन मिनिटांनी कुणीतरी वसंतरावांकडे येऊन पुढची गाडी कधी म्हणून विचारी. ते न कंटाळता फलकाकडे बोट दाखवत. माझ्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. चार पानी अर्ज, एवढासा खडा, आणि बावीस वर्षं खालून पाठ असलेला ट्रक. "वसंता"बद्दल माफी मागावी का, याचाही विचार चालू होता. मुग्धाला हे कळलं तर काय, हाही.

पुढची गाडी आली. दार उघडलं. वसंतराव आधी चढले आणि खिडकीजवळ बसले. मी शेजारी बसलो. स्टॉकपोर्ट गेल्यावर धीर करून विचारलं, "कसं वाटलं?"

कमरेवर हात ठेवून ते जागच्या जागी सरकले.

"सीट फार वाईट आहे हो," ते म्हणाले. "बावीस वर्षं ड्रायव्हर तक्रार लिहून राहिले होते. खाली सही माझी. 'सीट तपासली, ठीक आहे.'"