रिकामं सूप

मुंबईच्या एका डिझाइन संग्रहालयाचं जुन्या घरगुती वस्तूंचं फिरतं प्रदर्शन महाडला आलं होतं. देखरेखीला मी होते. भाजी विकून झाली की पोलादपूरची एसटी लागेपर्यंत एक म्हातारी रोज आत यायची. थेट काचेतल्या सुपापाशी उभी राहायची, आणि तिचे मोकळे हात आपोआप पाखडू लागायचे.

"बाय, सूप रिकामं ठेवू नये गो. चार दाणे टाक."

"आजी, वस्तूत काही घालायची परवानगी नाही."

ती रागावली नाही. दुसऱ्या दिवसापासून पदराच्या गाठीतले तांदूळ काचेपाशी ठेवू लागली. मीही ते कधी झाडले नाहीत.

शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "आता फुडं काय मांडणार?"

"पाळणे."

"रिकामेच?" ती दचकली. "तसं नको गो. काय नाय तर वरवंटा निजव. आमच्या घरात हल्ली तोच निजतो. पोरंबाळं सगळी मुंबईस हायत."

आता मुंबईत ते पाळण्यांचं प्रदर्शन भरलंय. एका पाळण्यात मी दुपट्यात गुंडाळून वरवंटा ठेवलाय. परवानगी काढलेली नाही. साहेब विचारायला आले, तर मी म्हटलं, "हळू बोला. पोलादपूरचं बाळ झोपलंय."