हातात किती पडतात

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत असताना मला आईस हॉकीची गोडी लागली ती खेळामुळे नाही, पगारांमुळे. ऑफिसात शेजारी बसणारा माझा अमेरिकन सहकारी तिथल्या संघाचा कट्टर भक्त होता. मालक आणि खेळाडूंच्या भांडणात एक अख्खा हंगाम बुडाला आणि खेळ परत सुरू झाला तो नवा नियम घेऊन. कुठल्याही संघानं पगारांवर ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. मर्यादा सगळ्यांना सारखी. तरीही माझ्या सहकाऱ्याचा लाडका खेळाडू थोडा कमी पगार घेऊन टेक्सासला निघून गेला.

"तिकडे स्टेट टॅक्सच नाही," तो जेवताना चिडून सांगत होता. "कमी पगारातही त्याच्या हातात जास्त पडणार. वाचलेल्या पैशांत ते आणखी एक खेळाडू घेणार. ही कसली सारखी मर्यादा?"

तो बिचारा दुःखात होता आणि माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. पगार किती यापेक्षा हातात किती, हा आम्हा लोकांचा खरा प्रश्न. टेक्सासमधल्या अर्विंगच्या एका कंपनीनं मला नोकरीसाठी विचारलं होतंच, पगार इथल्याइतकाच. त्या संध्याकाळी मी बायकोला हॉकीची गोष्ट अगदी रंगवून सांगितली. ती पोळ्या लाटत होती.

"त्या खेळाडूची बायको काय करते?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत!" मी हसलो. आजही त्या हसण्याची लाज वाटते.

बायको पुण्यात ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. माझ्या व्हिसावर आल्यामुळे इथे तिला नोकरी करता येत नव्हती. आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज शेवटच्या टप्प्याला पोचला की तिला वर्क परमिट मिळणार होतं. चार वर्षं ती त्याचीच वाट बघत होती. मी कंपनी बदलली तर सगळं पहिल्यापासून, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"ग्रीन कार्डाची रांग तशीही हलत नाहीये," मी म्हणालो. "तिकडे जाऊन थांबू."

थांबू कसलं! मी रोज ऑफिसला जाणार होतो. थांबायचं होतं तिला एकटीला. ती फक्त "बघ, तुला पटतंय ना?" एवढंच म्हणाली आणि मी तो होकार धरला. नको असलं की ती असंच बोलते, हे लग्नाला सात वर्षं झालेल्या माणसाला कळायला हवं होतं.

अर्विंगला पहिला पगार पाहून मी खूश झालो. नवी कंपनी वर्षभर झाल्याशिवाय ग्रीन कार्डाचा अर्ज भरत नसे, तेही चालवून घेतलं. आणि त्याच उन्हाळ्यात काही आठवडे ती न हलणारी रांग एकदम खुली झाली. पार्सिपनीतल्या आमच्या ओळखीच्या सगळ्यांनी धावपळ करून शेवटचा अर्ज भरला. आमच्याकडे भरायला काहीच नव्हतं.

काही महिन्यांनी तिच्या तिथल्या मैत्रिणीचा फोन आला. "अगं, माझं परमिट आलं! जॉबसुद्धा मिळाला, मंडेपासून जॉइन करतेय!" बायकोनं मनापासून अभिनंदन केलं, कपडे कुठले घालायचे इथपर्यंत सल्ले दिले. फोन ठेवून ती बाथरूममध्ये गेली आणि नळ बराच वेळ चालू राहिला. मी दारापर्यंत गेलो. तसाच परत फिरलो.

ती एका शब्दानं मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या एप्रिलमध्ये मी टॅक्सचा फॉर्म भरायला बसलो. स्टेटचा नव्हताच, एकच फेडरलचा. शेवटी सहीपाशी पत्नीचा व्यवसाय विचारतात. दरवर्षीप्रमाणे मी 'गृहिणी' टाइप करत होतो. ती मागे येऊन उभी राहिलेली मला कळलं नाही.

"शिक्षिका लिही ना," ती म्हणाली.

मी टाइप केलेलं पुसून टाकलं. तिनं क्षणभर त्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं.

"नको, राहू दे," ती म्हणाली. "खोटं होईल."