हळदीच्या गावातली मनकर्णा

फाल्गुनात कुणी डोळे मिटून आमच्या गावात आला तरी आपण कुठं आलो ते त्याला कळेल. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी आमच्या शिवारात येतं, त्यावर हळद होते, आणि काढणी झाली की जागोजागी ती शिजवणं सुरू होतं. वाफेचा, ओल्या मातीचा आणि हळदीचा मिळून एक वास गावावर पसरतो. तो कपड्यांना लागतो, अंथरुणाला लागतो. मी इथल्या शाळेत शिकवत होतो तेव्हा या दिवसांत तपासायला आलेल्या वह्यांनाही तो असायचा.

अशा गावात वैजनाथच्या बायकोला, मनकर्णाला, हळदीचा वास सोसेनासा झाला.

आधी ती अशी नव्हती. काढणीला जाणाऱ्या बायकांच्या टोळीची ती म्होरकी. ती बांधावर आली की बसलेल्या बायका आपोआप पदर खोचायच्या. रागवायची खूप, पण कुणाचं लेकरू आजारी असलं की त्या बाईची सरी स्वतः उकरून द्यायची आणि वर तिलाच दटावायची, "जाय घरी. इथं राहून तुझं ध्यान न्हाई अन् माझं काम न्हाई."

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वैजनाथच्या शेतात हळद शिजत होती. आता कढया गेल्या, वाफेवरचे मोठे कुकर आले आहेत. त्या दिवशी घाईत, वाफ पुरती सोडायच्या आधीच कुकरच्या एका पिंपाचं झाकण उघडलं गेलं. वाफेचा लोटच्या लोट बाहेर आला. मनकर्णाचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. पण तिचं लक्ष हाताकडं नव्हतं. तिची मुलगी शिवकन्या कॉलेजातून मदतीला आली होती आणि ती पिंपाच्या पलीकडच्या अंगाला उभी होती. मधे नुसती पांढरी भिंत. मनकर्णा हाका मारत राहिली, आणि वाफेच्या आवाजात तिला उत्तर ऐकू येईना.

शिवकन्येला काही झालं नव्हतं. मनकर्णाचा हातही पावसाळ्यापर्यंत बरा झाला. राहिला तो वास. हळद शिजताना असो की फोडणीत पडताना, वास आला की तिचा गळा आवळायचा, छाती धडधडायची, पुढचं दिसेनासं व्हायचं. पोटात असेल ते बाहेर पडायचं.

सासू पारुबाई देवभोळी. खंडोबा हे त्यांचं कुलदैवत. तिनं ठरवलं, सुनेच्या हातून देवाचं काही राहून गेलं आहे. सगळं घर मनकर्णाला घेऊन देवाला गेलं. नवस बोलला, खोबरं वाटलं, आणि पारुबाईनं मोठ्या भक्तीनं मूठभर भंडारा सुनेच्या डोक्यावरून उधळला. भंडारा म्हणजे हळदच. मनकर्णा देवापुढंच कोसळली.

त्या एका मुठीनं सगळ्यांची खात्री पटली, की देव कोपला आहे. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण त्यानंतर घरातून हळद हद्दपार झाली. वरण पांढरं, भाजी पांढरी. वैजनाथनं हळदीच्या रानात सोयाबीन पेरलं. फाल्गुन लागला की मनकर्णा कनेरगाव नाक्याजवळ बहिणीकडं जाऊन राहू लागली. तिच्या टोळीला दुसरी म्होरकी मिळाली. वास जितका दूर ठेवावा, तितकी भीती मोठी होत गेली. शेजारच्या घरी मसाला कांडत असले तरी ती दार लावून घेई.

दिवाळीनंतर शिवकन्येचं लग्न ठरलं. तिथी वैशाखातली निघाली. या घरची रीत अशी, की नवरीला पहिली हळद तिच्या आईनं लावायची, मग बाकीच्या सवाष्णींनी. पारुबाई म्हणाली, "तिच्याऐवजी चुलती लावंल. देवाला माहीत हाय आपली तकलीफ."

शिवकन्या शांत पोरगी. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी. पण त्या दिवशी तिनं भाकरीचं पीठ तसंच परातीत सोडलं आणि उभी राहिली. "आई लावणार नसंल तर मला हळदच न्हाई लागणार. तशीच उभी राहीन मांडवात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णा मुलीला म्हणाली, "कुठं न्यायचं तिथं ने मला. पण वैशाखाच्या आत."

शिवकन्या हिंगोलीला दवाखान्यात नर्सचं काम करते. तिच्या ओळखीनं डॉक्टर शितल यांचं नाव कळलं. या मनाच्या डॉक्टर. इतर उपचारांच्या जोडीला संमोहनही वापरतात. संमोहन हा शब्द ऐकताच पारुबाई पदर सावरून गाडीत बसली. "माझ्या सुनेला वश करून राहिले का, ते मी बघते."

दवाखान्यातही तिनं हेच ऐकवलं, तेव्हा डॉक्टरबाई हसल्या. "बसा ना, आजी. लपवण्यासारखं काही नाही." मग त्यांनी मनकर्णाला समजावलं, की ही झोप नाही. माझा आवाज तुम्हाला ऐकू येत राहील. नको वाटलं तर डोळे उघडून उठून जाता येईल. मी तुमच्याकडून मनाविरुद्ध काही करून घेऊ शकत नाही. मन एका जागी स्थिर झालं, अंग सैल पडलं, की भीतीजवळ जाणं सोपं होतं, एवढंच.

पहिला प्रयत्न मात्र फसला. डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही समुद्रकिनारी बसला आहात. लाटा येताहेत..."

मनकर्णानं एक डोळा उघडला. "मॅडम, समुंदर म्या फक्त टीव्हीत पाहिला. त्याच्यात जहाज बुडून राहिलं होतं."

डॉक्टरबाईंनी वही मिटून ठेवली. "बरं. मग तुमचं मन कुठं निवांत होतं?"

मनकर्णानं विचार केला. "पाणी देताना. पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं अन् बघत राहायचं. ढेकळं भिजतात, इरघळतात. पाय गार पडतात. सरी भरली की दुसरीचं तोंड फोडायचं."

"मग तेच करू."

त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि बोलता बोलता पाणी सोडलं. पाणी पावलांपाशी आलं. एक सरी भरली. आता घोट्यांपर्यंत गारवा. दुसरीचं तोंड फोडा. पाणी पोटऱ्यांत, मांड्यांत, पोटात. ढेकूळ भिजतंय, सैल होतंय. मनकर्णाचे खांदे खाली आले. आवळलेल्या मुठी उघडल्या. तिनं नंतर मला सांगितलं, "गुरुजी, सगळं ऐकू येत होतं. बाहेर हॉर्न वाजत होता तेबी. पण उठावंच वाटंना."

खोलीत घोरण्याचा आवाज आला. कोपऱ्यात पारुबाईची मान छातीवर पडली होती.

"आत्या, झोपल्या व्हय?" डोळे उघडल्यावर मनकर्णानं विचारलं.

"मी जागीच होते," पारुबाई तोंड पुसत म्हणाली. "ह्या बाईवर नजर ठेवून होते." घरी आल्यावर मात्र तिनं शेजारणीला सांगितलं, की कित्येक दिवसांत असं अंग हलकं पडलं नव्हतं.

पुढं काम हळूहळू चाललं. भरल्या सरीत पाय ठेवून, मनातल्या मनात, मनकर्णा हळदीकडं बघू लागली. आधी लांबच्या रानातली उभी हळद, मग शेजारच्या बांधावरची, मग पोत्यातली. कुठंही गळा आवळला की डॉक्टरबाई तिला पुन्हा पाण्याकडं आणत. त्यानंतर खरी हळकुंडं आली, बंद बरणीत. मग झाकण सैल केलेल्या बरणीत. घरीही तिला रोज खुर्चीत बसून स्वतःचं पाणी स्वतः द्यायचं होतं. वैजनाथ त्या वेळी अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हातानंच गप करायचा.

सगळं सरळ झालं असं नाही. संक्रांतीनंतर एका जेवणावळीत पिवळा भात पानात पडला आणि मनकर्णा मांडवाबाहेर पळाली. डॉक्टरबाईंपुढं ती रडली. "गेलं सगळं. होतं तिथंच येऊन पडले."

"पळाल्यावर काय केलंत?"

"बाभळीखाली उभी राहिले. पाणी दिलं. मग आत जाऊन वाढायला लागले."

"म्हणजे परत गेलात."

मनकर्णानं डोळे पुसले. ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती.

मग एक दिवस डॉक्टरबाई म्हणाल्या, "आज वाफेत जायचं." भरल्या सरीत, गार पायांनी उभं राहून मनकर्णानं तो दिवस पुन्हा पाहिला. पिंप, झाकण, पांढरी भिंत. दर वेळी तिचं मन याच ठिकाणी थांबायचं, मुलगी दिसत नाही तिथं. "थांबू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वाफ किती वेळ राहते? ती विरेपर्यंत उभ्या राहा. मी इथंच आहे."

मनकर्णाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग तिचा चेहरा बदलला. ती चक्क हसली.

"काय दिसतंय?"

"उभी हाय माझी लेक. हिरव्या ड्रेसात. माझ्यावरच वरडून राहिली, आई, हात बघ तुझा! मी काहून इसरले व्हते हे?"

ती विसरली नव्हती. भीतीनं तिला तिथवर कधी पोचूच दिलं नव्हतं.

त्या फाल्गुनात मनकर्णा बहिणीकडं गेली नाही. गावात हळद शिजू लागली. पहिले दोन दिवस तिनं दार अर्धं लावलं. तिसऱ्या दिवशी मी रस्त्यानं जात होतो, तर ती ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती. चेहरा फिका होता, पण दार सताड उघडं होतं.

हळदीच्या दिवशी मांडव भरला होता. शिवकन्या पाटावर बसली. मनकर्णाच्या हातात हळदीची वाटी दिली गेली, गावच्याच हळदीची, पाण्यात कालवलेली. तिनं वाटी नाकापासून लांब, खाली धरली, दोन पावलं टाकली आणि थांबली. मी पाहिलं, तिच्या गळ्याची शीर ताठ झाली होती. शिवकन्या आईकडं बघत होती, आणि बाकी सगळे दोघींकडं. गाणं म्हणणाऱ्या बायकाही गप्प झाल्या.

मनकर्णानं तिथंच, सगळ्यांसमोर, डोळे मिटले.

"आलं गं बया!" पाहुण्यांतली एक बाई ओरडली. "अंगात आलं हिच्या! लिंबू आणा कोणी!"

"गप बस," पारुबाई कडाडली. "अंगात न्हाई, ती पाणी देऊन राहिली. सरी भरू दे."

कुणालाच काही समजलं नाही, पण पारुबाईचा आवाज असा होता की सगळे थांबले. मनकर्णाचे खांदे हळूहळू खाली आले. तिनं एक लांब श्वास घेतला, नाकानं, पुरता आतवर. हळदीचा श्वास. डोळे उघडले आणि त्या ओरडणाऱ्या बाईकडं वळून म्हणाली, "लिंबू सरबताला ठेवा. उन्हाचे दिवस हायेत."

मग ती पाटाशी बसली. भाजल्याची खूण असलेल्या उजव्या हातानं तिनं हळद घेतली आणि लेकीच्या पावलांना लावली, गुडघ्यांना लावली, खांद्यांना लावली, दोन्ही गालांना लावली. शिवकन्या रडत होती आणि हसत होती. बायकांनी गाणं परत उचललं, या वेळी दुप्पट मोठ्या आवाजात.

"आई, पुरे, डोळ्यात जाईल!"

"बस गप. इतक्या दिसांची बाकी हाय."

सवाष्णींची पाळी झाली तरी मनकर्णा वाटी सोडेना. तिच्या जुन्या टोळीतल्या बायकांनी तिला घेरलं आणि तिच्या तोंडाला, मानेला, केसांना हळद फासली. तीही मागं हटली नाही. एकेकीला धरून तिनं परतफेड केली. वैजनाथ मांडवाच्या खांबाआड उभा राहून डोळे पुसत होता. मनकर्णानं त्याला पाहिलं, आणि पिवळेजर्द दोन्ही हात वर करून ती नवऱ्यामागं धावली. तो नवा पांढरा सदरा सांभाळत अंगणभर पळाला, पण पारुबाईनंच त्याला दंडाला पकडून सुनेपुढं उभं केलं.