दुखऱ्या खांद्याचा अर्ज

पावर हाउसच्या बाजारात एक टायपिस्ट बसतो. गिऱ्हाईक मराठीत बोलतं, तो इंग्रजीत अर्ज टाइप करतो आणि सहीआधी तो मराठीत मोठ्यानं वाचून दाखवतो. समोरच्या बाकावर नंबर लावून बसलेले सगळे ऐकतात, पण त्याला पर्वा नसते. "सही तुही हाय, त मजकूरबी तुहाच पायजे."

मी सुपरवायझरची तक्रार घेऊन गेलो होतो.

"'अ‍ॅग्रव्हेट' टाका, भाऊ. वजन उचलाले लावून त्यानं माझ्या खांद्याचं दुखणं वाढवलं."

अशा शब्दावर समोरच्या माणसाची नोकरी जाते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याची बोटं थांबली.

"दुखणं वाढलं, का राग आला? राग आला असन त 'इरिटेट' लिवतो."

"वाढलं म्हणून राहिलो ना!" मी हात उगारून ओरडलो.

तो चष्म्यावरून बघत राहिला. दुखऱ्या खांद्याचा माझा हात सरळ डोक्याच्या वर गेला होता.

"राग कावून आला?" त्यानं हळूच विचारलं.

मी सांगितलं. त्यानं टाइप केलं आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं, "साहेबानं मले चारचौघात कामचोर म्हटलं. मले लय वाईट वाटलं."

बाकावर कोणी हसलं नाही. हे मी घरीसुद्धा बोललो नव्हतो. मी सही केली.