सरसाचा काय दोष?

वाचनालयात सगळे तिला डिंकमावशी म्हणायचे आणि ती दर वेळी भडकायची. "डिंक झाडाचा. पाकिटं चिकटवायला. हा सरस आहे, जनावराच्या कातड्याचा. ज्याला फरक कळत नाही त्याने खुर्चीवर बसू नये, खाली बसावं." खुर्च्या दुरुस्त करायला ती सासऱ्यांकडून शिकली होती. नवऱ्याला त्यात रस नव्हता, तिला होता. आमच्या अभ्यासिकेतल्या चाळीस लाकडी खुर्च्या एकवीस वर्षं तिने एकटीने सांभाळल्या.

मी तिथे पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर होते. मागच्या व्हरांड्यात तिचं काम चालायचं. सरसाचे खडे आदल्या दिवशी थंड पाण्यात भिजत घालायची. सकाळी ते फुगून मऊ झाले की ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची. उकळू मात्र कधी द्यायची नाही. "उकळला की मेला. मग नुसता वास उरतो, ताकद नाही." वास यायचाच, खोटं कशाला बोला. लावल्यावर हात भराभर चालवावे लागत, कारण गार झालेला सरस धरत नाही. सांधा दाबून धरणारा शिकंजा आवळला की दुसऱ्या दिवसापर्यंत खुर्चीला कोणी बोट लावायचं नाही.

त्या वर्षी जूनमध्ये एक निवृत्त पोस्टमास्तर खुर्चीसकट कोसळले. मनगट मोडलं. दुसऱ्याच दिवशी कार्यवाहांनी नोटीस काढली: 'जनावरांच्या सरसाने केलेल्या सदोष दुरुस्तीमुळे अपघात घडला असून सदर कारागीर महिलेस यापुढे काम दिले जाणार नाही.' खुर्ची कोणी नीट पाहिली नव्हती. तिला कोणी विचारलं नव्हतं. फळ्यावर तो कागद टाचला मी. माझ्या या हातांनी.

मावशी आली, नोटीस वाचली आणि तडक कार्यवाहांच्या खोलीत शिरली.

"खुर्ची दाखवा."

"समिती बघेल ती."

"समितीला त्यात काय कळतंय? मला दाखवा."

त्यांनी हाकलून दिलं. मोडकी खुर्ची कोठीत टाकली होती आणि कोठीची किल्ली माझ्याकडे असायची. मी गुपचूप दार उघडलं. तिने निखळलेला पाय उजेडात धरला. आडव्या दांडीचं कुसू, म्हणजे पायाच्या खाचेत बसणारं टोक, जसंच्या तसं बाहेर आलं होतं. त्याच्यावर गुळगुळीत पांढरट पापुद्रा होता. तिने नखाने तो सोलला.

"बघ! सरसाची अशी साल निघते का? तो काचेसारखा तडकतो, त्याचा भुगा होतो. कोणीतरी माझ्या जुन्या सरसावरच डब्यातला पांढरा गम ओतलाय. खाली लाकूड साफ केलं नाही, काही नाही. धरणार कशाला तो? मी असते तर जुन्यावरच गरम सरस लावला असता, तो त्याच्यात विरघळून एक झाला असता. कोणी केलं हे?"

मला माहीत होतं. मेच्या सुट्टीत रंगकामाच्या ठेकेदाराने सहा खुर्च्या 'जाता जाता' पक्क्या करून दिल्या होत्या. ठेकेदार कार्यवाहांच्या ओळखीचा. रजिस्टरमध्ये नोंद माझ्याच अक्षरात होती. आणि मी म्हणाले, "कोण जाणे." नोकरीची भीती, दुसरं काय! अकरा दिवस मी तोंड शिवून बसले.

अकराव्या दिवशी समितीची बैठक होती. मावशी आगंतुकासारखी आत घुसली. तिने एकमेकींवर आडव्या चिकटवलेल्या दोन पट्ट्या टेबलावर आपटल्या. "मोडा."

समितीत एक इंजिनिअर होते. त्यांनी पट्टी टेबलाच्या कडेला अडकवली आणि अंगाचा भार टाकला. कडकन आवाज झाला. लाकूड फाटलं, सांधा जागचा हलला नाही. ते वाकून बघत राहिले.

"आता गरम पाणी आणा," मावशी म्हणाली. ओलं गरम फडकं तिने सांध्यावर बराच वेळ दाबून धरलं, मग बोथट सुरी सरकवली. पट्ट्या वेगळ्या झाल्या.

कार्यवाह हसले. "बघा, सुटला की!"

"सुटला नाही, सोडवला! ओल याला सोसत नाही, हे मी पहिल्या दिवसापासून ओरडून सांगतेय. गळक्या खिडकीखाली खुर्च्या ठेवू नका म्हणून तुमच्याशीच भांडले होते ना? पण हवा तेव्हा उघडतो म्हणूनच मोडका भाग बदलता येतो, चांगलं लाकूड न फाडता. म्हणून टिकल्या तुमच्या खुर्च्या."

"ते ठीक आहे. पण ही दुरुस्ती तुमची नव्हती, याला पुरावा काय?"

मी चहाचे कप ठेवायला आत गेले होते. तशीच परत फिरले आणि रजिस्टर घेऊन आले. "खुर्ची नंबर सतरा. नऊ मे. ठेकेदाराची सही आहे."

इंजिनिअरसाहेबांनी सही पाहिली, कार्यवाहांकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला लागले.

"बरं बरं, विषय संपला," कार्यवाह म्हणाले. "नोटीस काढून टाका."

"काढून कशी टाकता?" मावशी कडाडली. "लावलीत तेव्हा सगळ्या गावाने वाचली. आता फळा कोरा दिसला म्हणून कोणाला काय कळणार?"

इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'गैरसमज दूर झाला.' गैरसमज! एका बाईच्या एकवीस वर्षांच्या कामाला काळं फासलं, त्याचं नाव गैरसमज! आजही ते आठवलं की अंगाची लाही होते.

दुसऱ्या दिवशी मीच एक कागद लिहून टाचला: 'खुर्चीच्या दुरुस्तीत मावशींची चूक नव्हती.' तिला बोलावून दाखवला. वाटलं, खूश होईल.

"एवढंच? मग चूक काय आभाळातून पडली? कोणाची होती ते लिही."

मी कागद काढला. नवा लिहिला. ठेकेदाराने काय केलं ते लिहिलं, कार्यवाहांनी न बघता नोटीस काढली ते लिहिलं, आणि मला सगळं ठाऊक असून मी अकरा दिवस गप्प होते, तेही लिहिलं. खाली सही केली. मावशीने शब्द न शब्द वाचला आणि टाचण्या पुढे केल्या.

कागद चार तास टिकला. तेवढ्यात प्लास्टरमधला हात छातीशी धरून पोस्टमास्तरांनी तो दोनदा वाचला आणि ते कार्यवाहांच्या खोलीत गेले. त्यांचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता. संध्याकाळी मला मेमो मिळाला.

पुढे खुर्च्या पुन्हा डगडगायला लागल्या, तेव्हा कार्यवाहांनी मावशीला दोनदा निरोप पाठवला. मीच घेऊन गेले होते. ती दारातल्या स्टुलाला शिकंजा लावत बसली होती.

"माफी मागतात का?"

"कामाला बोलावलंय."

"लेखी आण," ती म्हणाली.

लेखी कधी आलंच नाही. तीही आली नाही.