डॉक्टरांना कळवलं : हो

उल्का पेंढारकर नागपूरला बी. फार्म. झाली आणि लग्न करून अमेरिकेत आली. परदेशी पदवी असलेल्यांना इथे फार्मासिस्ट होण्यासाठी ज्या परीक्षा द्याव्या लागतात, त्यांतली एक तिची दोनदा हुकली. मग मुलगी झाली आणि परीक्षेचं राहूनच गेलं. आठ वर्षं तिने एका औषधाच्या दुकानात टेक्निशियन म्हणून गोळ्या मोजल्या. त्या दुकानाचा मालक बोलायला अतिशय गोड होता. एक दिवस चौकशीचे लोक आले, तेव्हा कळलं की न दिलेली औषधं दिली असं दाखवून तो विम्याचे पैसे घेत होता आणि त्यातल्या बऱ्याच नोंदींवर उल्काची इनिशियल्स होती. तिच्यावर ठपका आला नाही, पण तीन महिने तिला नीट जेवण गेलं नाही. तेव्हापासून कुणी फार आपुलकीने बोलायला लागलं, की तिचं लक्ष आधी त्याच्या नोंदींकडे जायचं.

पुढे ती ईडन प्रेरीच्या एका छोट्या कंपनीत लागली. फार्मसीचं सॉफ्टवेअर दुकानात जाऊन बसवून द्यायचं, जुनी माहिती नव्यात आणायची, माणसांना शिकवायचं, हे तिचं काम. गेल्या सप्टेंबरात तिला दोन तासांवरच्या हेडन फॉल्स नावाच्या गावी पाठवलं. तीन हजार वस्ती, चारी बाजूंना मका आणि सोयाबीन, एक दवाखाना, एक औषधाचं दुकान. दुकान श्रीराम टिपणीस यांचं. वय सहासष्ट, तीस वर्षं तिथेच.

दारातून आत आलेली बाई मराठी आहे हे कळल्यावर श्रीरामकाकांना फार आनंद झाला. त्यांनी घरून कोथिंबीर वडी मागवली, नागपूरला कुठे, माहेर कुठलं, सगळं विचारलं. गावातले डॉक्टरही मराठीच, डॉ. देव, पन्नास वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले आणि अजून रोज पेशंट बघणारे, हेही सांगितलं. उल्काने वडी खाल्ली आणि लॅपटॉप उघडला.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक स्क्रीन मुद्दाम केलेली होती. डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधात फार्मासिस्टला नियमाने काही किरकोळ बदल करता येतात. गोळी गिळता येत नसेल तर सिरप द्यायचं, तीस दिवसांऐवजी नव्वद दिवसांचं द्यायचं, असले. असा बदल केला की त्या स्क्रीनवर मूळ काय होतं, बदललं काय, कारण काय आणि डॉक्टरांना कळवलं का, कधी, हे भरायचं. ते भरल्याशिवाय लेबल छापलं जात नसे.

काकांनी ती स्क्रीन दोनदा खालीवर करून पाहिली. मग ते सहज म्हणाले, "हे 'डॉक्टरांना कळवलं' आहे ना, तिथे डीफॉल्ट 'हो' ठेव. आणि वेळेचा कॉलम ऑप्शनल कर."

कुणी काही न भरता 'हो' आपोआप पडेल आणि वेळ रिकामी सोडली तरी चालेल, असं सेटिंग करता येत होतं. पण आजवर बसवलेल्या चाळीसेक दुकानांत कुणी ते मागितलं नव्हतं. आधी जुना डेटा आणते, मग बघू, असं तिने सांगितलं आणि त्या दुपारी जुन्या नोंदी नेहमीपेक्षा सावकाश वाचल्या.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलापुढे एकच शेरा असायचा, "फोनवर डॉक्टरांशी बोललो". चौदा महिन्यांत असे दोनशे बारा शेरे होते आणि तीन-चार सोडले तर सगळे डॉ. देवांच्या प्रिस्क्रिप्शनवर. सकाळी दहा बाराला प्रिस्क्रिप्शन आलं, दहा तेराला फोन झालेला. एका मिनिटात कुठल्याच दवाखान्यात डॉक्टर फोनवर येत नाहीत. काही फोन बुधवारी दुपारचे होते आणि दवाखाना बुधवारी बाराला बंद होत असल्याची पाटी तिने येतानाच वाचली होती.

तिला जुनं दुकान आठवलं. हा माणूस नक्की काय करतोय? महागडं औषध दाखवून स्वस्त देत असेल, असं तिला आधी वाटलं. तिने मूळ आणि बदललेलं औषध शेजारीशेजारी लावून पाहिलं. ते जुळेना. बदल जवळजवळ सगळे कमी करण्याकडे होते. दिवसातून चारदाचं दोनदा, पन्नास मिलिग्रॅमचं पंचवीस. एका मुलाच्या सिरपचा डोस तर थेट दहापट कमी केलेला. यात दुकानदाराचा काहीच फायदा नव्हता. मग तिला दुसरी शंका आली, की हा गृहस्थ स्वतःच डॉक्टरकी करतोय. असले बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायची मुभा कुठल्याच फार्मासिस्टला नव्हती.

बदल डॉक्टरांना कुठल्या मार्गाने कळवायचे, हे तिला तसंही सेट करायचं होतं. त्या निमित्ताने तिने गाडीत बसून दवाखान्यात फोन लावला. रिसेप्शनवरच्या डोनाने फॅक्स नंबर दिला. फार्मसीचे फोन साधारण किती वाजता येतात, असं उल्काने विचारलं. फोन येऊन वर्ष होऊन गेलं असेल, असं डोना म्हणाली. श्रीराम शुक्रवारी स्वतःच येतो, डॉक्टरांबरोबर डबा खातो आणि जातो.

उल्का त्या दिवशी मोटेलवर परत गेली, पण नवऱ्याला, नकुलला, काही सांगितलं नाही. कागदावर तारखा काढल्या. चौदा महिन्यांत काकांनी फक्त एक दिवस रजा घेतली होती, गेल्या मार्चमध्ये, दाताच्या कामासाठी. त्या दिवशी बाहेरून आलेल्या फार्मासिस्टने डॉ. देवांची सगळी प्रिस्क्रिप्शन्स लिहिली होती तशीच दिली होती. त्यात लिंडग्रेन नावाच्या बाईंना ब्लड प्रेशरची गोळी नेहमीच्या दुप्पट ताकदीची गेली होती. चार दिवसांनी काकांनी ती पूर्ववत केली होती, शेरा तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच तिने तो कागद काउंटरवर ठेवला.

"काका, हे फोन झालेच नाहीत."

काकांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला. नाही म्हणाले नाहीत. मागच्या खोलीत जाऊन एका खोक्यावर बसले आणि मग जे सांगितलं ते असं. चौदा महिन्यांपूर्वी पहिली चूक आली, त्या मुलाच्या सिरपची. त्यांनी फोन केला, डॉक्टरांनी आभार मानले. आठवड्याने दुसरी. या वेळी डॉक्टर चिडले, आपण असं लिहिलंच नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी तो पेशंट कोण हेच त्यांना आठवेना. त्यानंतर काकांनी फोन करणं सोडलं. आलेलं प्रत्येक प्रिस्क्रिप्शन जुन्या नोंदींशी ताडायचं, चुकलेलं दुरुस्त करायचं आणि शेरा लिहायचा. दुसरा डॉक्टर चाळीस मैलांवर. गावातले निम्मे लोक थंडीत तेवढी गाडी चालवू शकत नाहीत. आणि या गावात पहिल्यांदा आले तेव्हा काका बायकोसह सात महिने डॉक्टरांच्याच घरी राहिले होते.

"माझ्या हातून एकही चुकीचं औषध गेलेलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही नव्हतात त्या दिवशी गेलं."

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "लिंडग्रेन बाथरूममध्ये पडल्या. मनगट मोडलं. मी भेटायला गेलो होतो, फुलं घेऊन. त्यांना वाटलं, किती चांगला माणूस आहे."

उल्काने सांगितलं की 'हो' डीफॉल्ट ठेवणार नाही आणि दुपारी बाराला ती हे आपल्या मॅनेजरला कळवणार आहे. त्याआधी डॉक्टरांना सांगायचं असेल तर काकांनी सांगावं. ते लगेच उठले. मी एकटा जाऊन येतो, असं म्हणाले. मीही येते, असं ती म्हणाली. ते खरोखर बोलतील यावर तिचा विश्वास नव्हता, आणि तिने तो असल्याचं दाखवलंही नाही.

दार मृणालिनीकाकूंनी उघडलं. डॉ. देवांच्या पत्नी. दोघांना या वेळी दारात बघून त्यांनी का आलात असं विचारलं नाही. डॉक्टर दवाखान्यात निघायच्या तयारीत होते, टाय लावलेला. काकांनी नुसता उल्काचा कागद पुढे केला. डॉक्टरांनी तो एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवत वाचला. ज्या सिरपबद्दल फोनवर त्यांनी आभार मानले होते, त्याच ओळीवर बोट थांबलं.

"हे मी लिहिलं?"

"हो," काका म्हणाले.

"आणि तू मला बोलला नाहीस, श्रीराम. दर शुक्रवारी समोर बसून जेवत होतास."

काका रडले. काकूंनी पुढे होऊन डॉक्टरांच्या हातातून गाडीची किल्ली घेतली. घरी येताना रस्ता चुकतात, तरी मी मुलांना कळू दिलं नाही, असं त्या उल्काकडे बघत म्हणाल्या, जणू तिने त्यांनाही पकडलं होतं. डॉक्टरांनी तिथूनच डोनाला फोन करून दिवसाचे सगळे पेशंट रद्द केले. परत ते दवाखान्यात पेशंट बघायला गेले नाहीत.

फार्मसी बोर्डाची चौकशी चार महिने चालली. उल्काला दोनदा जबाब द्यावा लागला. श्रीरामकाकांचं लायसन्स सहा आठवडे निलंबित झालं, पुढचं वर्षभर देखरेख. ईडन प्रेरीच्या मराठी मंडळात बातमी पोचायला वेळ लागला नाही. तिळगुळाच्या कार्यक्रमात दोन बायका तिच्याशी बोलता बोलता उठून गेल्या. एक वयस्कर गृहस्थ तोंडावर म्हणाले की आपल्याच माणसाचं असं करायला नको होतं. तिने विचारलं, लिंडग्रेनबाई कुणाचं माणूस? त्यावर त्यांनी विषय बदलला. पण घरी जाताना तिने नकुलला सांगितलं की आपण बरोबर केलं असं तिला रोज वाटतंच असं नाही. गावात पाच महिने डॉक्टर नव्हता. त्या हिवाळ्यात किती जण औषधाशिवाय राहिले, ते कुठल्याच स्क्रीनवर येणार नव्हतं.

फेब्रुवारीत वैदेही साठे नावाची नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पेशंट तपासून औषधं लिहून द्यायची परवानगी असलेली नर्स, आठवड्यातून तीन दिवस दवाखान्यात बसू लागली. मार्चमध्ये काकांचं दुकान पुन्हा पूर्ण वेळ उघडलं आणि राहिलेलं सेटअप पुरं करायला कंपनीने उल्कालाच पाठवलं. तिने नको म्हणून पाहिलं, पण दुसरं कुणी मोकळं नव्हतं.

काकांनी या वेळी फक्त कॉफी दिली. बदलांच्या स्क्रीनवर तीन आठवड्यांत अकरा नोंदी होत्या. प्रत्येकीत कारण, वेळ, कळवल्याची खूण. सगळं नियमात बसणारं आणि व्यवस्थित. उल्काला ते जरा जास्तच व्यवस्थित वाटलं. तिने त्यातली एक निवडली आणि काकांच्या समोरच वैदेहीला फोन लावला. मंगळवारी सव्वाअकराला फार्मसीतून फोन आला होता का? वैदेहीने कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितलं, आला होता, अकरा चौदाला, एका आजोबांची गोळी बदलून सिरप देण्याबद्दल. आणखी एक विचारू का, असं म्हणून उल्काने दुसरी नोंद विचारली. तीही बरोबर निघाली.

तेवढा वेळ काका काउंटरशी उभे होते. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी थांबायला सांगितलं.

"झालं तपासून?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग दर महिन्याला करत जा. मला चालेल," ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. ते मनापासून म्हणाले की टोचून, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तिने सेटअपच्या कागदावर सही केली, आणि महिन्याभराने आपणच फोन करायचा म्हणून मोबाइलमध्ये तारीख घालून ठेवली.